हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येतोय, फॉरमॅट मारून पाहू का?

तुम्ही लिहिलंय की डेस्कटॉप सहा वर्षांचा आहे, कालपासून टकटक आवाज येतोय, विंडोज मध्येच अडकतं आणि घरचे सगळे फोटो त्याच डिस्कवर आहेत. फॉरमॅट अजिबात मारू नका. चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय, तीही चालवू नका. आत्ता मशीन बंद करा, शटडाऊन होत नसेल तर बटण दाबून धरा, आणि परत चालू करून 'बघू तरी' म्हणण्याचा मोह आवरा. उत्तर मोबाइलवर वाचा.

माझ्या वेळी मला वाटलं होतं, टेबलामागे पाल चुकचुकतेय. मी झाडू घेऊन भिंत शोधत बसलो, आणि ती दहा मिनिटं डिस्क चालूच होती. आत काय चाललं होतं ते नंतर कळलं. तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारं हेड तिच्यावर इतकं खाली तरंगतं, की मधलं अंतर केसाच्या जाडीचा हजारावा भागही नसतं. हेड बिघडलं की त्याला जागा सापडत नाही, ते मागे येऊन पुन्हा धडपडतं. तो टक. कधी कधी ते तबकडीलाच टेकतं, मग प्रत्येक फेऱ्याला थोडा डेटा खरवडून निघतो.

माझी गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे, कारण मी 'बॅकअप घेतला' होता. कॉम्प्युटर भरला म्हणून सगळं उचलून एक्स्टर्नल डिस्कवर टाकलं. उचलून म्हणजे कट-पेस्ट. जुन्या जागी काही उरलं नाही, प्रत एकच राहिली, फक्त तिचा पत्ता बदलला. पंधरवड्यात भाचा वायरीत पाय अडकून धडपडला आणि चालू डिस्क टेबलावरून फरशीवर आली. भाच्याला खरचटलंही नाही. डिस्कवर आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या, तिच्या आवाजातल्या 43.

डेटा रिकव्हरीवाल्याने 28,000 रुपये सांगितले, मिळालं तरच घेईन म्हणाला. हे बोलणं आधीच करून घ्या. ही माणसं डिस्क धूळमुक्त जागेत उघडतात आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड बसवून बघतात. आठवड्याने त्याने मला तबकडी दाखवली, आरशासारखी चकचकीत आणि मधोमध एक गोल चरा. पैसे घेतले नाहीत. पुढे मावशीच्या जुन्या फोनमध्ये 11 ओव्या सापडल्या, कारण कधीतरी मी तिला त्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या. माझा खरा बॅकअप मावशी निघाली.

तुमच्या बाबतीत आवाज येतोय म्हणजे सॉफ्टवेअर टाकून घरी खटपट करायची वेळ गेली. आवाज नसता, नुसती डिस्क रखडत असती, तर डीडीरेस्क्यू या खराब डिस्कवरचं वाचेल तेवढं उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामने आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण प्रत काढा म्हटलं असतं. आणि कुणी फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितलं तर हसून सोडून द्या, आत ओल धरते. गल्लीतल्या दुकानदाराला डिस्क उघडू देऊ नका. रिकव्हरीवाल्याकडे जाताना कोणते फोल्डर हवेत ते कागदावर लिहून न्या.

इतर डिस्क चांगल्या असतील तर डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम टाकून 05, सी5 आणि सी6 या ओळी बघा, त्या खराब झालेल्या जागा मोजतात. तिथे शून्याऐवजी आकडे वाढताना दिसले तर त्याच दिवशी नवी डिस्क आणा. एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घेतली म्हणून निर्धास्त राहू नका. ती बहुधा चुकचुकतही नाही, सकाळी बटण दाबल्यावर नुसती दिसत नाही. पावसाळ्यात वीज येते-जाते तेव्हा डेस्कटॉपला यूपीएस हवाच, पण त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत झोपते हे कुणी सांगत नाही.

पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने बॅकअपचा 3-2-1 हा हिशेब रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. गुगल फोटोजला मी यात अर्धाच धरतो. 15 जीबी फुकट, तेही जीमेल आणि ड्राइव्हसकट, शिवाय फोनवर चुकून डिलीट केलं की तिथूनही जातं. बॅकअप घेतलेले फोटो ट्रॅशमध्ये 60 दिवस असतात, तेवढ्यात लक्षात आलं तर ठीक.

घराबाहेरच्या प्रतीसाठी मी महिन्याचे पैसे भरत नाही. दोन सारख्या डिस्क आहेत, एक माझ्याकडे, एक नाशिकला भावाकडे. गणपतीत आणि दिवाळीत अदलाबदल होते, आणि आलेल्या डिस्कवरची एखादी ओवी मी तिथल्या तिथे वाजवून बघतो. मागच्या दिवाळीला वहिनीने ती चकलीच्या डब्यातून पाठवली. डिस्क व्यवस्थित चालली, फक्त वायरीला अजून तेलाचा वास येतो.