अ‍ॅसिड वीक आहे, मग त्वचा का भाजते?

प्रश्न: व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड असतं आणि ते वीक अ‍ॅसिड आहे असं शिकलोय. मग लॅबमध्ये त्याच अ‍ॅसिडच्या बाटलीवर त्वचा भाजण्याचं चिन्ह का असतं? आणि रेणूत चार हायड्रोजन असून सुटतो एकच, असं का?

उत्तर: वीक वेगळं आणि डायल्यूट वेगळं, सगळा घोळ इथेच होतो. पाणी किती घातलंय त्यावरून डायल्यूट ठरतं, आणि पाण्यात गेल्यावर किती रेणू हायड्रोजन आयन (धन प्रभार असलेला हायड्रोजन) सोडतात त्यावरून वीक की स्ट्राँग ते ठरतं. ०.१ मोलर (मोलर हे द्रावण किती तीव्र ते मोजायचं एकक) हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये जवळपास सगळेच रेणू सोडतात, तेवढ्याच अ‍ॅसिटिकमध्ये हजारातले साधारण १३, म्हणून पहिल्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, जितका कमी तितकी आम्लता जास्त) १ येतो आणि दुसऱ्याचा २.९ च्या आसपास.

पण उरलेले रेणू काही कामातून गेलेले नसतात. टायट्रेशन करताना, म्हणजे आम्ल पुरतं संपेपर्यंत मोजून मोजून अल्कली घालताना बघा, कॉस्टिक सोडा थेंब थेंब पडतो तसे सुटे आयन संपत जातात आणि त्यांची जागा भरायला मागचे रेणू आपले आयन सोडत राहतात, असं करत करत शेवटपर्यंत पोचलात की दोन्ही अ‍ॅसिडना सोडा अगदी सारखाच लागलेला असतो. मला ह्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

आता बाटलीचं. व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिड साधारण ५ टक्के आणि लॅबमधलं ग्लेशियल अ‍ॅसिटिक ९९ टक्क्यांच्या वर, म्हणजे पाणी जवळजवळ नाहीच. ते १६.६ अंशांखाली गोठतं, त्याची वाफ डोळ्याला झोंबते आणि कातडीवर सांडलं तर चांगलंच भाजतं. गंमत म्हणजे ह्या शुद्ध अ‍ॅसिडमधून वीज जवळपास जातच नाही, थोडं पाणी घाला की जायला लागते, कारण आयन तयार व्हायला पाणी लागतं. आणि वीक म्हणजे निर्धोक असं तर मुळीच समजू नका! हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडसुद्धा वीकच आहे, पण ते कातडीतून आत शिरून शरीरातलं कॅल्शियम पकडतं, जीवही जाऊ शकतो.

चार हायड्रोजनपैकी तीन कार्बनला चिकटलेले असतात, ते पाण्यात सुटत नाहीत. चौथा ऑक्सिजनला जोडलेला, तो सुटला की मागे राहिलेला ऋण प्रभार दोन ऑक्सिजनवर वाटला जातो, त्यामुळे त्याला जाणं परवडतं.

प्रश्न: सफाईसाठी व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र केलं तर डबल काम होईल का?

उत्तर: अजिबात करू नका. ब्लीचमधल्या सोडियम हायपोक्लोराइटला अ‍ॅसिड मिळालं की क्लोरिन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना इजा करतो, त्याला व्हिनेगरमधलं वीक अ‍ॅसिडही पुरतं. चुकून मिसळलंच तर ते निस्तरत बसू नका, आधी मोकळ्या हवेत या, आणि खोकला किंवा धाप थांबत नसेल तर लगेच डॉक्टरकडे जा.