जुन्या इंग्लिश सरायांचे वरचे मजले रस्त्यावर पुढे का आलेले दिसतात?

तुळयांची टोकं भिंतीबाहेर काढून त्यांवर वरची भिंत उभी करत, म्हणून. वर जागा वाढते, शिवाय त्या भिंतीचं वजन टोकांवर आल्यामुळे खोलीच्या मधोमध तुळया कमी लवतात.

सॉमरसेटमधल्या नॉर्टन सेंट फिलिप गावातलं 'जॉर्ज इन' बघा. तळमजला दगडी, त्यात आतल्या चौकात जायची कमान. वरचे दोन मजले लाकडी सांगाड्याचे, प्रत्येक खालच्यापेक्षा थोडा पुढे. जवळच्या हिंटनच्या मठानं लोकरीच्या जत्रेला येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी ते चौदाव्या शतकात उभारलं. १६६८ मध्ये प्रसिद्ध रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स सहकुटुंब इथे जेवून गेला.

आणि हो, लाकडं काळीकुट्ट रंगवायची पद्धत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. मला तरी न रंगवलेलं, करडं पडलेलं ओकच आवडतं.