आततायी म्हणजे उतावीळ? दोरी सोडा!

प्रश्न असा आहे: ‘आततायी शत्रूपुढेही अहिंसा पाळणे नैतिक आहे का, असा वादविवाद स्पर्धेचा विषय मिळालाय. आततायी म्हणजे उतावीळ ना? मग शत्रू उतावीळ असला काय नि सावकाश असला काय, नीतीत फरक काय पडतो? आणि पॅसिफिझमला शांततावाद म्हणू की अहिंसावाद?’

विषय काढणाऱ्याचं मराठी ठीक आहे, बिघडलंय ते आपलं. रागाच्या भरात राजीनामा खरडणारा आततायी, घाईत लग्न ठरवणारा आततायी. परवा तर एका बातमीत उपोषणाला बसलेला माणूस ‘आततायी’ निघाला. अन्नपाणी सोडून, रिकाम्या हातांनी बसलेला माणूस! अविचारी, डोक्यात राख घालणारा हे अर्थ रूढ आहेत, ठाऊक आहेत, पुढे चला.

शब्द फोडा: आतत अधिक अयिन्. ‘तन्’ म्हणजे ताणणं. ताण, तंतू, गवयाची तान ही सगळी त्याच घरातली भावंडं. आतत म्हणजे ताणलेलं, अयिन् म्हणजे जाणारा. धनुष्याची दोरी ओढून अंगावर चालून येणारा तो आततायी. गंमत अशी की बाण अजून सुटलेला नाही. सुटला असता तर तो मारेकरी ठरला असता आणि पुढचा प्रश्न शिक्षेचा झाला असता. धनुष्य खांद्यालाच असतं तर तो नुसता संशयित. आततायी या दोहोंच्या मधला, जेमतेम दोन श्वासांचा माणूस आहे आणि तुमच्या स्पर्धेचा विषय नेमका त्या दोन श्वासांबद्दलचा आहे.

मनुस्मृती (८.३५०) सांगते: ‘आततायिनमायान्तं हन्यादेवाविचारयन्’. आततायी चालून आला तर, मग तो गुरू का असेना, विचार न करता मारावा. सगळे ‘हन्यादेव’वर बोट ठेवतात. मी ‘आयान्तं’वर ठेवतो. येत असलेला, येऊन गेलेला नाही आणि कधीतरी येईल असा वाटणाराही नाही. वसिष्ठस्मृतीने मात्र शब्द सैल सोडला. तिच्या यादीत सहा आततायी आहेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारलेला, धन लुटणारा, शेत बळकावणारा, बायको पळवणारा. शेत बळकावणाऱ्याच्या हातात कुठलं आलंय धनुष्य? यादी लांबली की मारण्याची सवलतही लांबते, म्हणून काहींना ती तोंडपाठ असते. ‘शास्त्रात आहे’ म्हणतात. शास्त्रात याज्ञवल्क्यस्मृतीवरची मिताक्षरा ही टीकाही आहे, आणि ती लिहिणाऱ्या विज्ञानेश्वरांनी मनूच्या त्या श्लोकाला अर्थवाद, म्हणजे ठसवण्यासाठी केलेलं बोलणं ठरवून गुरू-ब्राह्मणांना तरी त्यातून सोडवलं. (बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं, ते विचारू नका.)

अर्जुनाला कोणी पहिला शांततावादी म्हटलं की मला राहवत नाही. आततायींना मारून पापच लागेल, असं तो म्हणतो खरं (गीता १.३६), पण पुढच्याच श्लोकात पोटातलं ओठावर येतं: ‘स्वजनं हि कथं हत्वा’, आपल्याच माणसांना मारून कसं? परके असते तर गांडीव खाली आलंच नसतं. अध्यायाच्या शेवटी मात्र तो स्वतःबद्दल दोन शब्द जोडीने वापरतो, अप्रतीकार आणि अशस्त्र. ही जोडी गांधीजींनी फोडली. शस्त्र गेलं, प्रतिकार राहिला, आणि मराठीत ‘निःशस्त्र प्रतिकार’ रुळला. भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवडायचं असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन, असं त्यांनीच १९२० साली ‘यंग इंडिया’त लिहून ठेवलंय.

त्याच गांधीजींनी १९३८ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रह सुचवला. मार्टिन बूबर या ज्यू तत्त्वज्ञाने १९३९ मध्ये उत्तर दिलं, त्याचा मथितार्थ असा की जे बलिदान कोणाला दिसतच नाही, ते साक्ष कोणापुढे देणार? इथे माझं धनुष्यही अपुरं पडतं, कबूल. तिथला आततायी दोरी ताणून येत नाही, नावांची यादी घेऊन येतो. विष घालणाऱ्याला वसिष्ठांनी का धरलं असेल, तेही इथे उमगतं. तेवढ्यापुरते माझे वरचे शब्द मागे.

पण हे सगळं ज्यासाठी लिहायला बसलो ते राहतंय. शुक्ल यजुर्वेदाच्या रुद्राध्यायात चक्क रुद्रालाच आततायी म्हटलंय: ‘नमो रुद्रायाततायिने’! (कृष्ण यजुर्वेदाच्या तैत्तिरीय पाठात ‘आतताविने’.) समोर प्रत्यक्ष आततायी उभा आहे आणि ऋषी मारत नाही, पळतही नाही, त्याच्याशी बोलतो. मागणं काय, तर ‘अवतत्य धनुष्ट्वम्’, दोरी उतरव. आतत आणि अवतत्य! धातू तोच, उपसर्ग फिरला. लगेच पुढच्या मंत्रात ‘आयुधायानातताय’, न ताणलेल्या शस्त्राला नमस्कार. धनुष्य उतरवण्याला संस्कृतात ‘अवतान’ असा शब्दच आहे. माझं मत विचाराल, आणि नाही विचारलंत तरी, पॅसिफिझमला आपला प्रतिशब्द हाच: अवतानवाद. एका व्याकरणपंडितांनी हे हसण्यावारी नेलं. त्यांनी आजवर दुसरा शब्द काही सुचवलेला नाही.

कारण ‘शांततावाद’ फारच मवाळ आहे. पॅसिफिझम हा शब्द एमिल आर्नो या फ्रेंच गृहस्थाने घडवला आणि १९०१ साली ग्लासगोच्या शांतता परिषदेत तो उचलला गेला. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले शांती आणि करणे हे दोन शब्द आहेत. त्यात करण्यावर जोर आहे. आपल्याकडे शांतता वर्गात राखतात.

तरीही स्पर्धेत शांततावादच म्हणा, अवतानवाद म्हणालात तर परीक्षक गुण कापतील. अहिंसावाद नको. अहिंसा मुंगीपासून मनातल्या द्वेषापर्यंत सगळं कवेत घेते आणि तुम्हाला बोलायला सात-आठ मिनिटं मिळणार. आणि विषयातला ‘आततायी’ खोडून तिथे ‘उतावीळ’ लिहू नका.