आपला शॉट झाल्यावर

प्रश्न : ताई, माझी मुलगी 31 वर्षांची. सहा वर्षं मालिकांत कामं करतेय. आता म्हणते, दिग्दर्शनच करायचं आणि त्यासाठी आधी असिस्टंट व्हायचं. सांगलीत मारुती रोडला बायका थांबवून तिच्याशी बोलतात आणि ही आता शॉटआधी वाजवायची क्लॅपची पाटी धरणार! तिच्या बाबांनी तर बोलणंच टाकलंय. काय करावं? – एक आई, मिरज

उत्तर : बाबांचं तुम्ही बघा, मी क्लॅपचं सांगते. वीस वर्षं मुंबईत मी कंटिन्युइटी सांभाळली. आधीच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, सगळं वहीत उतरवायचं. एकदा पंगतीचा सीन होता. दुपारपासून तेच ताट, तोच थंडगार वरणभात. आमटीची वाटी ताटाच्या उजवीकडून डावीकडे गेली आणि माझ्या ध्यानातच आलं नाही. दोन वाक्यांचं काम असलेली एक मुलगी होती. तिचा शॉट झाला तरी मेकअप रूममध्ये जायची नाही, माझ्याशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून राहायची. ती कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, वाटी मघाशी इकडं होती." शिव्या मी खाल्ल्या, पण शॉट वाचला. आज ती मुलगी एपिसोड दिग्दर्शित करते.

तेव्हा लेकीला एवढंच विचारा : आपला शॉट झाल्यावर तू कुठं बसतेस? व्हॅनिटीत मोबाइल बघत, असं उत्तर आलं तर थोडं थांबा म्हणावं. मॉनिटरमागं म्हणाली तर जाऊ द्या.

पैसे कमी मिळतील, हे मात्र खरं. हप्ते असतील तर आधी ते बघा. स्मिता तळवलकरांनी दूरदर्शनवर बातम्या दिल्या, अभिनय केला, मग निर्मितीत उतरल्या आणि 1993मध्ये 'सवत माझी लाडकी' दिग्दर्शित केला. खर्चाची वही आधी हातात आली, दिग्दर्शन नंतर. मला तो क्रम शहाणपणाचा वाटतो. रेणुका शहाणेंचा 'रीटा' 2009चा, त्यानंतरचा 'त्रिभंग' थेट 2021चा. (मधल्या बारा वर्षांचा हिशेब बाबांपुढे काढू नका.) आणि अभिनय सोडावाच लागतो असंही नाही, 'रीटा'त त्या स्वतः होत्याच की.

असिस्टंटगिरी मिळेपर्यंत तिला घरी बसवू नका. सांगलीजवळच्या हरिपूरला न्या. हळद साठवायची जमिनीखालची जुनी पेवं दाखवा. 2005च्या महापुरात त्यातल्या कितीतरी पेवांत पाणी शिरलं. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नाही, कोंडलेली हवा आधी मोकळी होऊ देतात. तेवढ्या वेळात तोंडाशी उभी असलेली माणसं काय बोलतात? त्यावर दहा मिनिटांची फिल्म कर म्हणावं, मोबाइलवर चालेल. नटीला माणसाचा चेहरा कळतो, तो तिला शिकवायला नको. पण कॅमेरा वर माणसांत ठेवायचा की आत अंधारात ठेवून वरचा गोल उजेड दाखवायचा, हे तिचं तिनंच ठरवायला हवं. आणि त्यात स्वतः काम करायचं नाही, ही माझी अट.

प्रश्न : नट्यांना दिग्दर्शनाची ही हौस आजकालच सुटलीय का? – एक वाचक, तासगाव

उत्तर : नाही हो. 'वीर अभिमन्यु'त काम केलेल्या फातमा बेगम यांनी 1926मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला, तेव्हा आपला सांगलीचा आयर्विन पूलही झाला नव्हता. 'आलम आरा'ची नायिका जुबेदा ही त्यांचीच लेक. शोभना समर्थांनी 1950मध्ये 'हमारी बेटी' केला, तोही आपल्या नूतनला घेऊन. आणि 'हौस' म्हणताय ती पुरुष नटांना सुटली तेव्हा विचारलं होतंत का कुणाला?