रिपोर्टच्या संख्येवर निकाल देऊ नकोस

नव्या मॉडरेटरास,
सप्रेम नमस्कार.

रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या मराठी समुदायावर देखरेख ठेवण्याची बिनपगारी जबाबदारी तू स्वीकारलीस, याचा मला मनापासून आनंद आहे. एखाद्या पोस्टवर दहा-बारा रिपोर्ट, म्हणजे सदस्यांच्या तक्रारी, आल्या, तर ती काढून टाकणेच बरे नाही का, असे तू विचारले आहेस. मला तसे मुळीच वाटत नाही.

रिपोर्ट करणारा तुझे लक्ष वेधतो. निकाल द्यायचा असतो तो तू. एखाद्या नेत्याच्या कारभारावर कोणी सभ्य शब्दांत टीका केली, की त्याचे समर्थक व्हॉट्सॲपवर लिंक फिरवतात आणि पाहता पाहता त्या पोस्टवर रिपोर्टचा ढीग पडतो: एकाच्या मते ती स्पॅम, दुसऱ्याच्या मते द्वेषमूलक, तिसऱ्याच्या मते छळ. त्याच चार ओळींबद्दल अशी एकमेकांशी न जुळणारी कारणे दिसली, तर त्या ओळी पूर्ण वाच, त्या कोणत्या चर्चेच्या ओघात आल्या ते पाहा आणि समुदायाच्या लिखित नियमांपैकी नेमका कोणता मोडला हे बोट ठेवून दाखवता येते का, ते तपास. दाखवता आले नाही, तर पोस्ट मंजूर कर; त्यानंतरही रिपोर्ट येत राहिले, तर त्या पोस्टपुरते ते दुर्लक्षित करण्याची सोय रेडिटने दिलेली आहे.

ऑटोमॉडरेटर, म्हणजे आपण लिहिलेल्या नियमांनुसार आपोआप काम करणारे रेडिटचे साधन, त्याच्या बाबतीत विशेष जपून राहा. ठरावीक रिपोर्ट झाले की पोस्ट आपोआप हटवण्याचा नियम त्यात लिहिता येतो आणि आपण झोपेत असताना तो मोठा आधार वाटतो. पण मर्यादा तीनची ठेवली, तर कोणतेही तीन मित्र ठरवून कोणाचेही तोंड बंद करू शकतात, आणि ही गोष्ट फार काळ लपून राहत नाही. त्याऐवजी तेवढे रिपोर्ट झाले की मॉडरेटरांना संदेश यावा, इतकीच व्यवस्था ठेव.

मला सर्वांत अस्वस्थ करतो तो प्रकार वेगळा आहे. कोणी जिवाचे बरेवाईट करून घेईल अशी काळजी वाटल्यास तसे कळवण्याची सोय रेडिटने 2020 मध्ये आणली. कळवल्यावर त्या व्यक्तीला मदतवाहिनीची माहिती देणारा संदेश जातो. वादात निरुत्तर झालेले लोक हीच सोय समोरच्याला डिवचण्यासाठी वापरतात, आणि खरोखर खचलेल्या माणसासाठी असलेला संदेश टिंगलीचे साधन होतो. असा संदेश मिळालेला सदस्य तुझ्याकडे आला, तर ‘सोडून दे’ असे म्हणू नकोस. त्या संदेशातूनच गैरवापर कळवता येतो, हे त्याला सांग.

सदस्यांपैकी रिपोर्ट कोणी केला, हे तुला दिसणार नाही, आणि ते हुडकण्याच्या फंदातही पडू नकोस. जाहीर चर्चेत आपल्यावर घाणेरडे शेरे मारणाऱ्या एखाद्या वजनदार सदस्याविरुद्ध रिपोर्ट करण्याचे धैर्य एखादी मुलगी त्या गुप्ततेच्या भरवशावरच करते. खोट्या रिपोर्टचा फारच उपद्रव झाला, तर रेडिटच्या ॲडमिनांकडे, म्हणजे कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडे, रिपोर्टचा गैरवापर म्हणून तक्रार कर; कारवाई त्यांनी करायची आहे.

तुझ्या स्वतःच्या लिखाणावर रिपोर्ट आला, तर मात्र त्याला हात लावू नकोस. तो सहकारी मॉडरेटरांपैकी, शक्यतो तुझ्याशी मतभेद असलेल्या कोणाकडे तरी सोपव.

तुझा हितचिंतक