आजोबांची 1975 ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन पूर्ण उघडून जरा दमदार करता येईल का? इंदूरमध्ये होईल का?

होईल, आणि इंदूरमध्येच होईल, गाडी ट्रकवर चढवून मुंबईला पाठवायची काही गरज नाही. तुम्ही लिहिलंय की मेकॅनिक म्हणतो "भिया, जिप्सी (मारुतीची जीप) का इंजन डाल दो, उड़ेगी", त्याच्यावर शेवटी येतो, तोवर त्याला काही हो म्हणू नका.

आधी हातात काय आहे ते बघा. 1089 सीसी, बोर (सिलिंडरची रुंदी) 68 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) 75 मिमी. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100 च, आणि हे माप फियाटनं 1937 मध्ये काढलं होतं, म्हणजे तुमच्या आजोबांनी नवी गाडी घेतली तेव्हाही इंजिन तसं म्हातारंच होतं. नवं असताना चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर. आता गंमत अशी की याच मापाच्या इंजिनाची 1100 टीव्ही म्हणून एक तेज गाडी फियाटनंच 1953 ला आणली होती, कंप्रेशन (सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते) थोडं वाढवून आणि दोन घशांचा वेबर कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) लावून त्यांनी 50 च्या आसपास काढले. कारखान्याला जेवढं जमलं तेवढंच आपलं टार्गेट धरा. कोणी सत्तर-ऐंशी काढून देतो म्हणाला तर चहा पाजा आणि घरी पाठवा. आणि खरं सांगू का, तुमच्या गाडीत आज चाळीसपैकी तीस तरी उरलेत का शंकाच आहे, तर पहिले दहा नुसत्या नीट दुरुस्तीतच मिळतात, मॉडिफिकेशन नंतरची गोष्ट.

इंजिन उतरवण्याआधी कंप्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, आणि चारही आकडे लिहून ठेवा. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा आणि बोर गेलेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह बसत नाहीयेत. पाच मिनिटांचं काम आहे पण अर्धे मिस्त्री करतच नाहीत, सरळ पाना घेतात.

बोरचं काम सांवेर रोडला किंवा पोलोग्राउंडकडच्या कुठल्याही चांगल्या मशीनशॉपमध्ये होतं, फक्त पिस्टन आधी आणा आणि त्या पिस्टनच्या मापानं बोर करायला सांगा, उलटं नाही. पिस्टन-रिंगा इथे नाही मिळाल्या तर दिल्लीचं कश्मीरी गेट नाहीतर मुंबईत कुर्ला, पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात बंद झाल्या तरी सामान अजून फिरतंय. बोर मोठा करून पॉवर वाढते हा गैरसमज मात्र काढून टाका. पन्नास ओव्हरसाइज म्हणजे 68.5 मिमी, त्यानं इंजिन होतं 1105 सीसी. पूर्ण एक मिमी खाल्लं तरी 1122. तीन टक्के! तेवढ्यासाठी भिंत पातळ करून पुढच्या वेळेची सोय घालवायची नाही. जेवढ्या कमीत बोर साफ होईल तेवढंच. रिंग सिलिंडरमध्ये घालून गॅप फिलर गेजनं (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, या बोरला पाव मिमीच्या थोडं वर असेल तर ठीक.

क्रँकबद्दल (पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणारा दांडा) जास्त लिहितो कारण तिथेच गाड्या मरतात. या क्रँकला मेन बेअरिंग तीनच आहेत, पाच नाहीत, म्हणजे जास्त आरपीएमला ती मधे वाकते आणि स्ट्रोकही लांब आहे. 6000 ला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 15 मीटर होतो, त्या जमान्याच्या पिस्टन आणि रॉडला हे फार झालं. म्हणून पॉवर 2000 ते 4000 च्या मधे शोधायची, भेरूघाट चढून सिमरोलला येताना तीच कामाला येते. क्रँक घासायला देताना दहा नंबर, वीस नंबर (किती घासायचं त्याचं माप) काय असेल ते असो, जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) कोपऱ्यात जी गोलाई असते ती तशीच ठेवायला सांगायचं, तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून. माझ्या एका मित्राच्या इंजिनात घासणाऱ्यानं तो कोपरा काटकोनात काढून दिला, दिसायला आरशासारखा चकचकीत, आणि महू सोडून मानपूरला पोचायच्या आत क्रँक त्याच कोपऱ्यातून तुटली. तडा अशाच तीक्ष्ण कोपऱ्यातून सुरू होतो, बेअरिंग कितीही भारी टाका. घासायच्या आधी क्रॅक टेस्टही करून घ्या. आणि क्रँकच्या आतल्या ऑइल गल्ल्यांचे प्लग काढून तार आणि डिझेलनं धुवा, पन्नास वर्षांचा काळा चिखल तिथे बसलेला असतो आणि इंजिन सुरू झालं की पहिला नव्या बेअरिंगमध्ये जातो.

मग बॅलन्सिंग. चारही पिस्टन आणि चारही रॉड सोनाराच्या काट्यावर तोला, सगळ्यात हलक्याच्या मापानं बाकीचे घासा, एक-दोन ग्रॅमचाच फरक ठेवा. क्रँक, फ्लायव्हील, क्लच प्लेटचं कव्हर एकत्र बॅलन्स करणारा सापडला तर दोन पैसे जास्त घेतले तरी द्या. पॉवर यानं कागदावर वाढत नाही पण ऐंशीला स्टिअरिंगमधली जी झणझण येते ना ती जाते, आणि मग गाडी आपोआप जास्त पळवावीशी वाटते.

खरी पॉवर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणात आहे. हेड ॲल्युमिनियमचं आहे, बहुतेक थोडं वाकलेलं असणार, सरळ पट्टी ठेवून खाली फिलर घालून बघा. फेस मारावाच (खालची बाजू घासून सपाट करावीच) लागणार, तर त्याच वेळी कंप्रेशन वाढवून घ्यायचं. पण "थोडा और मार दो" असं नाही, मोजून. हेड उलटं ठेवा, प्लग लावा, व्हॉल्व्ह बसवा, काठाला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ठेवा आणि इंजेक्शनच्या सिरिंजनं पातळ ऑइल भरा, किती सीसी गेलं ते लिहा. त्यात गॅस्केटच्या जाडीची आणि पिस्टनच्या वर उरणारी जागा धरा. पन्नास ओव्हरसाइजला एकूण जागा 44 सीसी असेल तर कंप्रेशन सव्वासातच्या आसपास येतं, 37 केली की साडेआठ. साडेआठवर थांबा. आजच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला ते आरामात चालतं. चारही चेंबर एकमेकांशी जुळलेले हवेत, यात आळस केला तर मेहनत वाया. हेड खाली आलं की व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात, म्हणून एकदा पिस्टनवर मुलांची क्ले ठेवून इंजिन हातानं फिरवून बघा किती दबली.

पोर्टला (हेडमधली हवा आणि धुराची वाट) मोठं करायला जाऊ नका, फक्त कास्टिंगची खरखर आणि गॅस्केटजवळची पायरी काढा. व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडा) तीन अँगलमध्ये कापून घ्या, एक्झॉस्टला कडक सीट टाका, कारण शिसंवालं पेट्रोल 2000 साली गेलं आणि या इंजिनाच्या एक्झॉस्ट सीटला त्याचाच आधार होता. रेसिंग कॅमच्या (कॅम म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा उंचवट्यांचा दांडा) नादी लागू नका. राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी दर सिग्नलला बंद पडेल आणि मागचा रिक्षावाला तुमचा उद्धार करेल.

इग्निशनला पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच) काढून इलेक्ट्रॉनिक पिकअप टाका, डिस्ट्रिब्यूटरच्या ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असतात त्या बघा, टायमिंग कानानं नको, लाइट लावून.

कार्बोरेटरचं दुखणं नवीन आहे. शुद्ध पेट्रोलला हवा-पेट्रोलचं प्रमाण 14.7 लागतं, 20 टक्के इथेनॉलला साडेतेराच्या आसपास. म्हणजे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) गाडी उपाशी चालते, घाटात गरम होते, ॲक्सिलरेटर दाबल्यावर मधे खड्डा येतो. मेन जेट एक-दोन नंबर वर घ्या आणि प्लगचा रंग बघत जा, फिकट पांढरा म्हणजे कमी पडतंय. सगळे रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारे टाका, जुनं रबर फुगून चिकट होतं आणि पेट्रोल थेट गरम एक्झॉस्टवर गळतं, ही गंमत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल सडू देऊ नका, इथेनॉल पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा, कॅम आणि टॅपेट (कॅमवर टेकणारे भाग) नवे असतील तर, आयडलवर ठेवायचं नाही, वीस मिनिटं 2000 च्या आसपास धरायचं, नाहीतर कॅमचे उंचवटे तिथेच खाल्ले जातात. झिंक असलेलं 20डब्ल्यू50 ऑइल वापरा. पाचशे किमीला ऑइल बदला आणि हेडचे बोल्ट परत टॉर्क पान्यानं ओढा, मधून बाहेर.

ब्रेकचं तर तुम्ही विचारलंच नाही, कोणीच विचारत नाही. चारी चाकांना ड्रम आहेत, आजच्या गाडीसारखा ब्रेक नाही. इंजिनाच्या आधी व्हील सिलिंडर, होजपाइप आणि लायनिंग नवं करा. पीथमपूरला 11 किमीचा टेस्ट ट्रॅक आहे म्हणून आपल्याला तिथे कोणी पद्मिनी पळवू देत नाही, आपण पळवणार एबी रोडलाच, ट्रकांच्या मधे.

आता जिप्सीचं इंजिन. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीमधला तपशील परवानगीशिवाय बदलता येत नाही, इंजिन नंबर त्यात आलाच, शिवाय अपघात झाला तर इन्शुरन्सवाला तिथेच हात वर करेल. दुसरं, गाडीला पन्नास वर्षं झाली म्हणजे 2021 च्या नियमांप्रमाणे ती व्हिंटेजमध्ये नोंदवता येते, पण इंजिनात मोठा फेरफार केलेला चालत नाही, आणि तशी नोंदवलेली गाडी नेहमीच्या वापराला काढता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि मेंटेनन्स एवढंच. तुम्हाला तर दर रविवारी काका-काकूंना घेऊन महूला जायचंय. तर साधी नोंदणी ठेवा, दर पाच वर्षांनी रिन्यू करा, मूळ ब्लॉक आणि मूळ नंबर तसाच राहू द्या. पीयूसीला एवढ्या जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत लागतं, जेट वाढवल्यावर मिक्श्चरचा स्क्रू नीट लावला तर सहज बसतं, फक्त टेस्टला जाताना इंजिन चांगलं गरम करून न्या, थंडीत चोक ओढलेला राहिला तर फेलच होणार.