डोक्याला करंट लावून गणित सुधारतं का? वाचकांचे प्रश्न

मुलगा सातवीत आहे, गणितात कसाबसा काठावर पास होतो. डोक्याला सौम्य करंट दिला तर गणित सुधारतं असं वाचलं, खरं का?

अर्धं खरं आहे. ऑक्सफर्डमध्ये रॉय कोहेन कडोश यांच्या टीमने 2010 मध्ये मोठ्या माणसांना आकड्यांऐवजी भलतीच नवी चिन्हं दिली, कुठलं मोठं कुठलं लहान ते सहा दिवस सरावाने शिकायचं आणि शिकताना डोक्याच्या मागे-वर दोन्ही बाजूंना पॅड लावून 1 मिलीअँपिअर करंट, 20 मिनिटं. उजवीकडे पॉझिटिव्ह पॅड असलेल्यांना ती चिन्हं जास्त चांगली जमली आणि सहा महिन्यांनीही टिकून होती. पण हेच पॅड उलटे लावले त्यांची कामगिरी पार लहान मुलांसारखी झाली! आणि माणसं होती फक्त 15, तीन गटांत. एवढ्यावर सातवीतल्या पोराच्या डोक्याला वायरी लावू नका, त्याचा मेंदू अजून घडतोय.

अभ्यास न करता नुसतं मशीन लावून बसलं तर? (स्पर्धा परीक्षेवाला, पुणे)

अरे, फुकट काही मिळत नाही! करंट पाढे आत घालत नाही, तू सराव करत असताना फार तर थोडा हातभार लावतो, तोही सगळ्यांना नाही. 2025 मध्ये 72 जणांवर याच पद्धतीच्या पण जरा वेगळ्या करंटचा प्रयोग झाला, त्यात मेंदूच्या पुढच्या आणि मागच्या भागांतलं कनेक्शन मुळात कमजोर असलेल्यांना नवी गणितं सोडवायला शिकताना फायदा झाला. घोकंपट्टीच्या गणितांना फायदा दिसला नाही, म्हणजे पाठांतर तुलाच करावं लागणार.

गणिताचा पेपर समोर आला की डोकं ब्लँक होतं. मला उपयोग होईल?

तुमचा प्रश्न मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला, कारण 2014 मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. कपाळाच्या वरच्या भागावर करंट दिल्यावर गणिताची धास्ती असलेले लोक सोपी गणितं करंट नसतानापेक्षा लवकर सोडवायला लागले, स्ट्रेसचं हार्मोनही कमी झालं. आणि ज्यांना भीती नव्हतीच ते उलट स्लो झाले. पण हे लॅबमधलं झालं, बोर्डाच्या पेपरला अजून कोणी लावून बघितलेलं नाही. त्यापेक्षा घरी घड्याळ लावून जुने पेपर सोडवा.

9 व्होल्टच्या बॅटरीवर हे मशीन घरी बनवायचे व्हिडिओ आहेत, मी लावून बघितलं, खाज सुटली आणि फ्रेश वाटलं. म्हणजे काम करतंय ना?

नाही हो! लॅबमध्ये तुलनेसाठी काही जणांना खोटा करंट देतात तेव्हा मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे पॅड तसेच बांधतात, अर्धा मिनिट खाज येईल एवढाच करंट सोडून बंद करतात, आणि बऱ्याच जणांना वाटतं आपल्याला खराच दिला. तुमचं फ्रेश वाटणं त्यातलंच असू शकतं. स्पंज सुकला की कातडी भाजते, पॅड दोन बोटं इकडेतिकडे सरकला तर करंट भलतीकडे जातो. घरगुती प्रयोगांतले धोके सांगायला 2016 मध्ये संशोधकांनीच जाहीर पत्र काढलं होतं. भाजल्याचा डाग असेल तर स्किनवाल्या डॉक्टरला दाखवा आणि काय लावलं होतं ते लपवू नका.